कांद्याचे भाव एका तक्त्यात : प्रकल्प नोंदी

१ मार्च २०२५, शनिवार

आमच्या शेतकरी गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज दुपारी कांद्याच्या भावाचे फोटो येतात. एखादा कालचा असतो, एखाद्यावर बाजार समितीचं नावच नसतं. गेल्या आठवड्यात असाच एक फोटो पाहून दादाने ट्रॅक्टर येवल्याऐवजी लासलगावला नेला. फोटो दोन दिवसांपूर्वीचा निघाला. डिझेल गेलं, दिवस गेला, आणि भाव मिळाला तो येवल्याइतकाच.

म्हणून हे पान करायला घेतलं. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्या एकाखाली एक, प्रत्येकीचे तीन भाव आणि भावाची तारीख. बाकी काही नको. मी नाशिकला सॉफ्टवेअर तपासणीचं काम करते. दुसऱ्याच्या कोडातल्या चुका शोधायची सवय आहे, पण वेब ॲप स्वतः पहिल्यांदाच लिहितेय. ज्यांना आपल्या तालुक्यासाठी असंच काही करायचं असेल त्यांच्या उपयोगासाठी या नोंदी ठेवते.

माहिती डेटा डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरून घेणार. तिथे देशभरातल्या बाजार समित्यांचे त्या दिवसाचे भाव एपीआयवर (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून माहिती मागायची सोय) मिळतात. प्रत्येक नोंदीत राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, जात, प्रत (दर्जा), तारीख, कमीत कमी भाव, जास्तीत जास्त भाव आणि मोडल भाव असतो. सगळे भाव रुपये प्रति क्विंटल. आवक किती झाली हा आकडा या संचात नाही, तेव्हा आवकेचा रकाना आराखड्यातून आजच काढून टाकला.

रिॲक्टसारखी तयार कोडाची साधनं वापरणार नाही, साधी जावास्क्रिप्ट पुरे. गटातल्या निम्म्या लोकांचे फोन जुने आहेत आणि शिवारात रेंज धड नसते. पान जितकं हलकं तितकं बरं.

२ मार्च, रविवार

सुरुवातीला खऱ्या एपीआयच्या वाटेला न जाता पाच ओळींची नमुना जेसन फाइल (एपीआय ज्या रूपात माहिती पाठवतो ते रूप) हाताने लिहिली, पानाशेजारी ठेवली आणि पानावर डबल-क्लिक केलं. तक्त्याचं शीर्षक दिसलं, खाली काहीच नाही. फाइलचं नाव, स्वल्पविराम, कंस सगळं तीन-तीनदा तपासलं. दोन तास त्यात गेले. ब्राउझरचा कन्सोल (कोडातल्या चुका दाखवणारी खिडकी) उघडला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं : पान डिस्कवरून थेट उघडलं की शेजारची फाइल फेच करायला, म्हणजे कोडातून मागवायला, ब्राउझर परवानगी देत नाही. पायथनचा एका ओळीचा सर्व्हर चालू करून पान लोकलहोस्टवरून (माझ्याच संगणकावरच्या त्या सर्व्हरवरून) उघडलं, तेव्हा माहिती आली.

माहिती आली, पण तक्ता रिकामाच. फेचच्या उत्तरावर जेसन काढणारी पायरीही वेळ घेते आणि तिच्यापुढे अवेट (ती पूर्ण होईपर्यंत थांब असं सांगणारा शब्द) लिहायचं मी विसरले होते. म्हणजे ओळी बनवणाऱ्या फंक्शनच्या हातात माहिती नव्हती, माहिती येईल असा नुसता वायदा होता. आता क्रम असा ठेवलाय : उत्तर येऊ द्यायचं, जेसन उलगडू द्यायचं, मगच तक्त्याला हात लावायचा.

५ मार्च, बुधवार

ऑफिसातून आल्यावर दीड तास. खरा एपीआय जोडला. महाराष्ट्र आणि कांदा अशी गाळणी लावली (नावं इंग्रजीत, स्पेलिंग तंतोतंत हवं), आणि बरोबर दहा ओळी आल्या. दहाही दुसऱ्या जिल्ह्यांतल्या. मी समजून बसले की नाशिकचे भाव अजून चढले नसतील, आणि पान बंद करून झोपायला निघाले.

अंथरुणात आठवलं की आकडा बरोबर दहाच कसा? उठून उत्तर पुन्हा पाहिलं. भावांच्या नोंदींबरोबर त्यात एकूण नोंदी किती आणि पाठवल्या किती हे दोन्ही आकडे असतात. मी ते वाचलेच नव्हते. माहितीपानावरची नमुना किल्ली (विचारणा कोणाची ते सांगणारा सांकेतिक मजकूर) एका वेळी दहाच नोंदी देते, हे तिथे लिहिलेलं आहे. नाव नोंदवून स्वतःची किल्ली घेतली, ती फुकट मिळते. मर्यादा वाढवून मागितली आणि जिल्ह्याचीही गाळणी लावली.

त्याच रात्री एक तपासणी घातली : पाठवलेल्या नोंदी एकूण नोंदींपेक्षा कमी असतील तर पुढचा हप्ता मागायचा, आणि तरीही कमी पडल्या तर तक्त्याच्या वर ठळक लिहायचं, ‘यादी अपुरी आहे’. ही ओळ नसती तर अर्धा तक्ता पूर्ण तक्त्यासारखाच दिसला असता.

८ मार्च, शनिवार

आज गावी गेले आणि पान पहिल्यांदा आबांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला, बोटाने ओळी सरकवल्या आणि एका ओळीवर थांबले.

“काय गं, हे शून्य कशाचं?”

“आबा, कमीत कमी भाव आहे तो.”

“शून्य भावाने कांदा कोण देईल? फेकून द्यायचा असेल तर आम्ही शेतातच फेकू, भाडं भरून बाजारात कशाला नेऊ?”

उत्तरातले भाव अवतरणचिन्हांत येत होते, म्हणजे मजकूर म्हणून. बेरीज-वजाबाकी करता यावी म्हणून मी त्यांना नंबर फंक्शनमधून काढत होते. त्या ओळीत कमीत कमी भावाची जागा रिकामी होती, आणि जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्या मजकुराचा नंबर शून्य होतो. चूक म्हणून काही दिसत नाही, कन्सोल शांत असतो, तक्त्यात सुबक शून्य बसतं. ‘भाव कळवलेला नाही’ आणि ‘भाव शून्य आहे’ या दोन गोष्टी माझ्या कोडाने एक करून टाकल्या होत्या. आबांऐवजी गटातल्या एखाद्या नव्या पोराने ते पाहिलं असतं तर त्या बाजाराचं नाव सोडून दिलं असतं.

आता नियम केला. आधी मजकुराच्या कडेच्या मोकळ्या जागा काढायच्या. उरलेलं रिकामं असेल, नंबर होत नसेल किंवा शून्य असेल, तर चौकटीत ‘—’ टाकायचं आणि तक्त्याखाली लिहायचं की या खुणेचा अर्थ भाव मिळाला नाही असा आहे.

दुसरी चूकही आबांनीच दाखवली. मोडल भावाच्या रकान्याला मी ‘सरासरी’ नाव दिलं होतं. ते म्हणाले, “कमीत कमी आणि जास्तीत जास्त मिळवून अर्धं केलं तर हा आकडा येत नाही.” खरंच येत नाही. मोडल म्हणजे ज्या भावाला सर्वांत जास्त माल गेला तो. लिलावात एखाददुसरं वाहन निवडक मालाचं असतं, त्याला उच्चांकी भाव मिळतो. गोल्टी (बारीक कांदा) आणि खाद (खराब माल) तळाला जाते. मधला बराचसा माल ज्या भावाला सुटतो, तोच शेतकऱ्याच्या कामाचा. बाजार समित्यांच्या मराठी तक्त्यांत त्याला ‘सर्वसाधारण दर’ म्हणतात. तोच शब्द घेतला, तो रकाना बाजाराच्या नावाला लागून आणला आणि ठळक केला. जास्तीत जास्त भाव शेवटी नेला. माणसाची नजर मोठ्या आकड्यावरच जाते आणि फसगत तिथेच होते.

९ मार्च, रविवार

रकान्याच्या शीर्षकावर बोट ठेवलं की भावाप्रमाणे क्रम लागावा, एवढंच आजचं काम होतं. सकाळी नऊला बसले, दुपारी तीनला उठले.

पहिल्या प्रयत्नात ९५० रुपये १,८०० च्या वर जाऊन बसले. मजकूर म्हणून तुलना झाली की पहिला अंक पाहिला जातो, आणि नऊ एकापेक्षा मोठा. हे अपेक्षित होतं. नंतरची चूक मात्र आपल्याच भाषेतली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आकडे देवनागरीत दिसावेत म्हणून मी इंटल नंबरफॉरमॅटला (आकडे हव्या त्या भाषेत लिहून देणारी जावास्क्रिप्टची सोय) मराठीची खूण दिली होती. ते काम सुंदर होतं, हजार-लाखाचे स्वल्पविरामही आपल्या पद्धतीने पडतात : १,२३,४५६. पण क्रम लावताना मी तक्त्याच्या चौकटीत दिसणारा मजकूर उचलत होते आणि तो पुन्हा नंबर फंक्शनला देत होते. जावास्क्रिप्टच्या नंबर फंक्शनला देवनागरी अंक कळत नाहीत. स्वल्पविराम काढून ‘१८००’ दिलं तरी उत्तर येतं ‘नॅन’, म्हणजे संख्या नाही. आणि नॅनची तुलना कशाशीही केली तरी उत्तर खोटंच येतं. परिणामी दर क्लिकला क्रम काहीतरी वेगळाच, आणि कुठेही लाल ओळ नाही.

आधी अंक बदलणारी कोष्टकं लिहीत बसले आणि ती शेवटी टाकून दिली. दुखणं अंकांत नव्हतंच. तक्ता फक्त दाखवण्यासाठी आहे. मूळ नोंदी एका यादीत शुद्ध संख्यांसह ठेवायच्या, क्रम त्या यादीला लावायचा, आणि तक्ता दर वेळी यादीवरून नव्याने काढायचा. तक्त्यातून माहिती परत वाचायची नाही. ज्यांना भाव मिळालेला नाही त्या ओळी, क्रम चढता असो वा उतरता, नेहमी तळाला.

जाता जाता : चौकटीत मजकूर भरायला इनर एचटीएमएल वापरत होते, ते काढून टेक्स्ट कंटेंट केलं. बाहेरून आलेला मजकूर पानात कोड म्हणून शिरू देऊ नये.

१३ मार्च, गुरुवार

काल संध्याकाळी तारखेचा रकाना नीट केला. त्याआधी तारीख एपीआयकडून आली तशी दाखवत होते, दिवस-महिना-वर्ष मधे तिरक्या रेघा. ‘१२ मार्च’ असं दिसावं म्हणून ती डेट फंक्शनला दिली. पानावर आलं ‘३ डिसेंबर’. मी थकले होते, ते माझ्या लक्षातही आलं नाही, आणि पान तसंच चढवलं.

आज सकाळी दादाचा फोन. “अगं, आज सगळीकडे तारखेच्या जागी इंग्रजीत काहीतरी लिहून आलंय.” ते ‘इनव्हॅलिड डेट’ होतं. अशी तारीख ब्राउझर अमेरिकी पद्धतीने, महिना आधी धरून वाचतो. बारा तारखेपर्यंत चुकीची पण वैध तारीख मिळते. तेराव्या महिन्याला मात्र तो हात टेकतो. हे पान महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चढवलं असतं तर कितीतरी दिवस चुकीची तारीख दाखवत बसलं असतं.

तिरक्या रेघांवर तुकडे करून दिवस, महिना, वर्ष स्वतः वेगळे काढले. महिना देताना एक वजा करावा लागतो, कारण तिथे जानेवारी शून्यावर आहे. दुरुस्ती वीस मिनिटांची.

१५ मार्च, शनिवार

एपीआयची किल्ली पानाच्या कोडात उघडी होती. कोणीही पानाचा स्रोत पाहून ती उचलू शकतं. शिवाय प्रत्येक फोन थेट सरकारी सर्व्हरला विचारत होता, शंभर जणांनी पान उघडलं तर शंभर विचारणा. म्हणून मधे क्लाउडफ्लेअर वर्कर (त्या कंपनीच्या सर्व्हरवर चालणारा माझा छोटा प्रोग्राम) ठेवला. किल्ली त्याच्याकडे. तो दर अर्ध्या तासाने भाव आणून ठेवतो आणि फोनना ठेवलेलीच प्रत देतो. मोफत योजनेत दिवसाला एक लाख विचारणा चालतात, आमच्या गटाला तेवढ्या कधी लागणार नाहीत.

मागचे भावही दिसावेत म्हणून रोज संध्याकाळी सहाला त्या दिवसाची एक प्रत साठवायची होती. वेळापत्रकात १८ वाजता असं लिहिलं. प्रत बनली रात्री साडेअकराला. तिथलं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतं, आपण साडेपाच तास पुढे. साडेबारा लिहिल्यावर बरोबर सहाला चाललं.

तोच साडेपाच तासांचा फरक तारखेतही निघाला. पान जुन्या प्रती मागताना फोनवरची भारतीय मध्यरात्रीची तारीख घेऊन ती आयएसओ रूपात (वर्ष-महिना-दिवस, पण यूटीसीनुसार) बदलत होतं. १५ मार्चच्या मध्यरात्रीची वेळ यूटीसीत १४ मार्चची सायंकाळ असते. म्हणजे १५ चे भाव मागितले की १४ चे मिळत. दोन्हींत मिळून सबंध शनिवार गेला. आता नोंदीतलीच तारीख, वर्ष-महिना-दिवस अशा साध्या मजकुरात, प्रतीचं नाव म्हणून वापरते. घड्याळाला विचारायचंच नाही.

१६ मार्च, रविवार

फोनवर तक्ता. पाच रकाने उभ्या पडद्यात मावत नाहीत. आडवं सरकवलं की बाजाराचं नाव दिसेनासं होतं, आणि भाव कोणाचा ते कळत नाही. पहिला रकाना आणि वरची शीर्षकाची ओळ ‘स्टिकी’ करून जागेवर धरली. अडलं ते इथे :

तक्त्याला आडवं सरकण्यासाठी चौकट दिली की शीर्षकाची ओळ पानाला न चिकटता त्या चौकटीला चिकटते, आणि चौकट उभी सरकत नसल्याने ती पानाबरोबर वर निघून जाते. चौकटीला उंचीची मर्यादा घालून दोन्ही दिशांना चौकटच सरकू दिली, तेव्हा ओळ थांबली. धरलेल्या चौकटींना पांढरी पार्श्वभूमी दिली नाही तर खालचे आकडे त्यातून दिसतात. आणि रेषा एकत्र करण्याची सीएसएसची (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेची) सोय चालू असेल तर रेषा मागे राहून फक्त मजकूर थांबतो. ती सोय बंद केली.

आकडे उजवीकडे टेकवले. एककाखाली एकक आला की भाव वाचावा लागत नाही, डोळ्यांना आपोआप दिसतो.

२२ मार्च, शनिवार

कांद्यावरचं २० टक्के निर्यातशुल्क १ एप्रिलपासून उठणार, अशी आज बातमी आली. सप्टेंबर २०२४ पासून ते लागू होतं. ग्रुपवर एकच धांदल, आणि पान पहिल्यांदाच इतक्या जणांनी एकदम उघडलं. दोन गोष्टी फुटल्या.

एक. तालुका निवडायच्या यादीत लोक भराभर बोट फिरवत होते. येवला, लगेच निफाड, लगेच चांदवड. प्रत्येक निवडीला वेगळी विचारणा जाते आणि उत्तरं गेल्या क्रमाने परत येतातच असं नाही. येवल्याचं उत्तर रेंजमुळे रखडलं आणि चांदवडच्या नंतर पोचलं. वर चांदवड लिहिलेलं, खाली भाव येवल्याचे. या सगळ्या प्रकल्पातली मला सर्वांत लागलेली चूक ही. आकडे खरे होते, तारीख खरी होती, फक्त नाव दुसऱ्याचं. नवी विचारणा निघाली की आधीची अबॉर्ट कंट्रोलरने रद्द करायची, असं केलं. शिवाय वरचं नाव निवडीवरून न घेता आलेल्या माहितीवरूनच लिहायचं.

दोन. घाईत वर्करमध्ये बदल करताना माझी एक ओळ चुकली आणि तो ५०० क्रमांकाची चूक परत देऊ लागला. माझा समज असा होता की अशा वेळी फेच स्वतःच चूक फेकेल आणि माझा कॅच तिला धरेल. तसं होत नाही. संपर्कच तुटला तरच फेच चूक फेकतं. ४०४ असो वा ५००, उत्तर आलं एवढं त्याला पुरतं. उत्तर ‘ओके’ आहे का, हे आपण विचारावं लागतं. मी विचारलं नव्हतं, त्यामुळे पाऊण तास लोकांना कोरा तक्ता दिसला. आता चूक आली तर शेवटची मिळालेली प्रत दाखवते आणि वर पिवळ्या पट्टीत लिहिते : ‘नवे भाव आले नाहीत. हे भाव अमुक तारखेचे.’

३१ मार्च, सोमवार

काल गुढीपाडवा आणि रविवार, आज ईद. त्यात मार्चअखेर. बऱ्याच ठिकाणी लिलाव बंद. पानावर ‘भाव येत आहेत, थांबा’ हे अक्षर दिवसभर तसंच. एका काकांनी तीनदा फोन केला, “ताई, माझ्या फोनला नेट नाही का?”

विचारणा यशस्वी होती, यादी रिकामी होती. ‘थांबा’ हे अक्षर मी पहिली ओळ काढताना पुसत होते, आणि पहिली ओळच नाही तर पुसणार कोण? आता तक्त्याच्या चार अवस्था वेगळ्या लिहिल्या : येत आहेत, आले, आज नोंद नाही, आणता आले नाहीत. प्रत्येकीचं वाक्य वेगळं. काकांना फोन करून सांगितलं की फोन ठीक आहे, नोंदच आलेली नाही.

६ एप्रिल, रविवार

बाजारांची नावं इंग्रजीत येतात. ती मराठीत दाखवायला मी हाताने कोष्टक केलं होतं : लासलगाव, लासलगाव-विंचूर, लासलगाव-निफाड, पिंपळगाव बसवंत, मनमाड, चांदवड, उमराणे, देवळा, कळवण, सटाणा, नांदगाव, सिन्नर, येवला. कोष्टकात नाव नसेल तर ओळ गाळली जाईल, असं लिहून ठेवलं होतं. तेव्हा ते नीटनेटकं वाटलं. येवला-अंदरसूल त्यात नव्हतं. आमच्या गावचा निम्मा माल अंदरसूलला जातो, आणि महिनाभर तो बाजार माझ्या पानावर नव्हता. कोणी तक्रार केली नाही, कारण लोकांना वाटलं तिथले भाव येतच नसतील.

गाळणी काढली. नाव ओळखीचं नसेल तर इंग्रजी नाव देवनागरीत न आणता जसंच्या तसं दाखवायचं, पण ओळ ठेवायची, आणि मला ईमेल यावा.

खर्चाची नोंद : डोमेनचे वर्षाचे ८५० रुपये, बाकी सगळं मोफत योजनांवर. वेळ सुमारे ६० तास, त्यातले निम्म्याहून जास्त दुरुस्तीचे. राहिलंय ते जातीचं. लाल आणि उन्हाळ कांदा सध्या एकाच बाजारात दोन ओळींनी येतो आणि माझा तक्ता त्या एकाखाली एक नुसत्या ठेवतो. कांदा साठवायच्या चाळीत माल भरायचा की विकायचा हे ठरवायला उन्हाळचा भाव वेगळा दिसायला हवा. पुढच्या शनिवारी आबांबरोबर बसून कोणत्या बाजारात कुठल्या नावाने काय येतं ते लिहून घेणार आहे.